करडईचं तेल

जिनं फिरवणाऱ्या लांब शाफ्टच्या बेअरिंगवर ठेवलेला हात रखमाजीने झटकन मागे घेतला. तासाभरापूर्वीच तेल घातलं होतं, तरी बेअरिंग पुन्हा तापलं होतं.

महायुद्धामुळे मुंबईहून यंत्राचं तेल येईनासं झालं होतं. जालन्याच्या त्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर दीनानाथराव यांनी आठवडाभर करडईचं तेल घालायला लावलं होतं. तापलं की ते डिंकासारखं चिकट व्हायचं. एरंडीचं मागवा, असं रखमाजीने दोनदा सांगून पाहिलं. कापसाच्या गाठी आधी स्टेशनावर जाऊ द्या, एवढंच उत्तर मिळालं. बावीस वर्षं यंत्रांना तेल घालणाऱ्या या माणसाला तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. भाकरी मोडतानाही कान शाफ्टकडे असायचे.

आता बेअरिंगमधून धुराची बारीक रेघ निघाली. वरच्या मजल्यावर चाळीस बाया सरकी काढणाऱ्या जिनांना कापूस घालत होत्या. सगळीकडे रुई उडत होती. रखमाजी धावला आणि त्याने इंजिनाची वाफ बंद केली.

दीनानाथराव तरातरा आले. कुणाच्या हुकुमाने बंद केलं, असं त्यांनी विचारलं.

"साहेब, बेअरिंग जळून राह्यलंय. रुई पेटली तर बायांना निघायला एकच दार हाय."

"चालू कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

रखमाजीने वर पाहिलं. वर कापूस घालणाऱ्या बायांपैकी साळूबाई जिन्यात येऊन उभी होती.

"मंग न्हाई येत," तो म्हणाला.

तो फाटकाबाहेर पडला, तशी साळूबाई खाली उतरली. तिच्यामागून बाकीच्या बायाही उतरल्या. अंबडहून बैलगाडीने एरंडीचं तेल येईपर्यंत, दोन दिवस, एकही बाई जिनावर बसली नाही.

मग कारखाना सुरू झाला. आग काही लागली नव्हती. त्यामुळे रखमाजी उगाच भ्याला, असंच जुन्या जालन्यात लोक म्हणू लागले. त्याला कुणी परत बोलावलं नाही.

घरी त्याला बसवेना. कारखाना सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारीच तो कारखान्यामागे जाऊन भिंतीला कान लावून उभा राहिला. शाफ्ट फिरत होता, पण बेअरिंगची घरघर कुठे नव्हती. तरी त्याचा पाय निघेना. संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला तसा तो फाटकासमोर रस्त्यापलीकडे आला. बाया बोलत, पदर झटकत बाहेर पडू लागल्या. शेवटची बाई बाहेर येईपर्यंत तो थांबला आणि मग घराकडे वळला.