शंभर ग्रॅमची पैज

अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत थोरल्या लेकीचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण घरात तिचं शिकणं-सवरणं कोण विचारतो? रक्त वाढल्याशिवाय वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वडिलांना जिना उतरून रस्त्यावर पाय टाकायचा होता, आणि खाणं मात्र आई गेल्यापासून एकच, खोक्यातले कॉर्नफ्लेक्स. थोरली दर रविवारी पालक शिजवून आणायची. डबा तसाच परत जायचा.

"खोक्यावर लोह किती ते छापलंय," वडील म्हणायचे. "तुझ्या पालकावर काय छापलंय?"

एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून तिने पालक आणि कॉर्नफ्लेक्स प्रयोगशाळेत नेले. तिथला शिरस्ता असा, की काहीही असो, तुलना शंभर-शंभर ग्रॅमची. आणि बाई सपशेल तोंडघशी पडल्या. लोहात कॉर्नफ्लेक्सनी पालकाला पार मागे टाकलं होतं. कारखान्यात वरून लोह घालतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण रागाच्या भरात माणूस आपलंच शास्त्र विसरतो.

"पगार कशाचा घेतेस मग?" वडील खुशीत म्हणाले.

ती त्यांच्यासमोर बसली. वडिलांनी वाटीत मूठभर कॉर्नफ्लेक्स घातले, दूध ओतलं आणि पेपर उघडला. पार लगदा झाल्यावर चमचा उचलला. चार घास झाले आणि वाटी बाजूला सरकली. शंभर ग्रॅम कुठले! आपण काय मोजत बसलो होतो, असं तिला झालं.

"अजून घ्या ना, बाबा."

"पोट भरलं." त्यांचा हात गालावर होता.

"कवळी टोचते का?"

त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली. "अंग उतरलं, तशी तीही सैल झाली. पालकाचा देठ खाली अडकला की जीव जातो."

"मग सांगायचं नाही?"

"तुझी आई कुस्करून द्यायची. मी न सांगता. आता तुला काय सांगू, मला लहान मुलासारखं कुस्करून दे म्हणून?"

थोरलीला भडभडून आलं. इतके रविवार ती या माणसाशी भांडली होती, आणि तो बिचारा उपाशी होता. ती उठली, डब्यातला पालक देठ काढून पुन्हा शिजवला, बटाटा घालून काट्याने लोण्यासारखा मऊ केला आणि वाटी पुढे ठेवली. कौतुकाचा एक शब्द न काढता वडील खात राहिले. शेवटी वाटीच्या कडेला लागलेलंही त्यांनी चमच्याने खरवडून घेतलं.

"यात लोह किती असेल गं?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे," ती रिकामी वाटी उचलत म्हणाली. "उद्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ. अजून वाढू?"

वडिलांनी वाटी तिच्या हातातून परत घेतली आणि पुढे धरली.