पाचवा फ्रीज

चौथा फ्रीज दारात अडकला. गल्लीतल्या गोटीरामने तो आधी आडवा केला, मग तिरपा केला आणि शेवटी पाठवणीच्या मुलीला धरतात तसा दोन्ही हातांनी धरून आत घेतला.

"जय भीम, दादा. आता माणसांनी कुठं उभं राहायचं तेवढं बघा," तो म्हणाला.

अभय बघतच होता. दहा बाय बाराच्या खोलीत चार फ्रीज भिंतीला पाठ लावून उभे होते, ओळखपरेडला आणल्यासारखे. एक लाल, दोन करडे आणि एकावर कुणाच्या तरी पोराने चिकटवलेला मोर. बँकेचा माणूस अकराला येणार होता. दहा चाळीस झाले होते. अभयने पंखा वाढवला, कमी केला, मोबाईल बघितला. अजून दहा चाळीसच झाले होते.

"आणि पाचवा?" त्याच्या बायकोने, शर्मिलाने विचारलं.

पाचवा फ्रीज पत्र्याच्या भिंतीपलीकडे राहीबाईंकडे होता, आणि तो मागायला जायची छाती गल्लीत कुणाची नव्हती.

हे सगळं गुरुवारी सुरू झालं. जुईनगरच्या वन रूम किचनसाठी अभयने टोकन देऊन ठेवलं होतं. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, आणि महिन्याचे सहा दिवस उरले होते. तो कर्ज मागायला गेला तेव्हा बँकेतल्या मनस्वी मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं.

"सर, स्कोर सहाशे एक्केचाळीस. सात हप्ते लेट. आणि हे काय, पाच फ्रीज?"

"हो."

"एका माणसाला पाच फ्रीज कशाला लागतात?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र दिघ्याच्या ह्या वस्तीबाहेर कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. अख्ख्या गल्लीत पगाराची स्लिप मिळायची ती एकट्या अभयला, महाप्याच्या कंपनीत स्टोअरकीपर म्हणून. बाकी कुणी नाक्यावरचे मजूर, कुणी कंत्राटी, कुणी रिक्षावाले. त्यांच्याकडे पैसे असत, कागद नसे. आणि दुकानदाराचा पैशापेक्षा कागदावर जीव. तेव्हा फ्रीज घ्यायचा तो अभयच्या नावावर आणि हप्ता दर तीन तारखेला त्याच्या हातात आणून द्यायचा, अशी रीतच पडली होती. नाक्यावरच्या दुकानदाराने तर त्याची स्लिप लॅमिनेट करून ठेवली होती.

रीत चांगली चालली होती. मग लॉकडाऊन आला, राहीबाईंचे पोळीभाजीचे डबे बंद पडले आणि सात महिने त्यांच्या घरी तीन तारीख उगवलीच नाही. अभयने ते हप्ते पुढे स्वतःच्या खिशातून भरले. भरले, पण उशिरा. त्याने कधी मागितले नाहीत, त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि हळूहळू बोलणंच बंद झालं. समोर आल्या की राहीबाई गल्लीतल्या नळाकडे बघायच्या. नळाला पाणी नसलं तरी.

"दुसऱ्यांसाठी घेतले असतील तर फाईल इथेच बंद," मनस्वी मॅडम म्हणाल्या होत्या. "धंदा असेल तर फॉर्म वेगळा. घरगुती वापर असेल तर तसं लिहून द्या. रविवारी आमचा माणूस बघून जाईल."

अभयने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: घरगुती वापर.

"खोटं लिहिलंत ना? मग आता आणा पाच फ्रीज," घरी शर्मिला म्हणाली होती. तिने टोमणा मारला होता. पण भिंती पत्र्याच्या असल्यामुळे गल्लीने ती सूचना धरली.

खरं तर अभयला जुईनगर हवं होतं ते स्टेशन जवळ म्हणून नव्हे. तिथे आपल्याला स्लिप मिळते हे कुणाला ठाऊक नसणार, म्हणून. दार लावलं की लागलेलं राहणार.

अकरा दहाला तो माणूस आला. हातात हेल्मेट, गळ्यात कार्ड, कार्डावर नाव धर्मराज. असल्या नावाच्या माणसापुढे चार फ्रीज मांडून बसणं अभयला अंमळ जड गेलं.

धर्मराजने पहिला फ्रीज उघडला. बोंबलाचं कालवण, दोन पातेली. दुसऱ्यात अंडी, सात-आठ डझन तरी. तिसऱ्यात दूध आणि कुणाची तरी औषधं. चौथा उघडताच खोलीभर मोगऱ्याचा वास सुटला. आत गजऱ्यांच्या ओल्या फडक्यातल्या थप्प्या होत्या.

"घरात माणसं किती?"

"तीन," अभय म्हणाला. "आम्ही दोघं आणि मुलगी."

"गजरे कोण माळतं?"

"मी," शर्मिला म्हणाली. तिच्या अंबाड्यात नुसती एक पिन होती.

धर्मराजने कागदावर काहीतरी लिहिलं. "चार झाले. इथं कागदावर पाच आहेत."

अभय बोटाने चारही फ्रीज पुन्हा मोजायला लागला.

"असू दे. आधी शेजाऱ्यांकडे विचारून येतो. तो रकाना असतो."

"ह्या गोटीरामला विचारा ना, हा इथंच—"

"शेजारी आम्ही निवडतो, साहेब."

तो बाहेर पडला. फ्रीज उचलायला सगळी गल्ली अभयच्या दारात जमली होती, त्यामुळे घरं सगळी कुलूपबंद. उघडं दार एकच होतं.

शर्मिलाने पंखा बंद केला. गोटीराम श्वास रोखून मोराला टेकला.

"मावशी, शेजारच्या अभयरावांना ओळखता?" पत्र्यापलीकडून आवाज आला.

"का? पळाला काय?"

"नाही हो. घर घेतायत."

पोळपाटावर लाटणं फिरताना ऐकू आलं.

"बावीस वर्सं वळखते."

"माणूस कसा आहे?"

"येडा हाय."

ह्याला रकाना होता की नाही, कळलं नाही.

"त्यांच्याकडे फ्रीज किती?"

लाटणं थांबलं. अभयने मोबाईल काढला आणि न बघताच खिशात घातला.

"पाच," राहीबाई म्हणाल्या.

"मी चारच बघितले."

"पाचवा ह्यो काय. त्येचाच हाय. मी आपली वापरते. पाच वर्सं झाली, अजून मागाया आला नाय."

धर्मराज परत आला तेव्हा सगळे छताकडे बघत होते. त्याने सही घेतली, एक फोटो काढला. दारात हेल्मेट चढवताना अभयला म्हणाला, "रिपोर्ट आजच टाकतो." मग काच खाली ओढत, "माझ्या नावावर तीन वॉशिंग मशीन आहेत." आणि गेला.

दुपारपर्यंत फ्रीज आपापल्या घरी गेले. मोराची शेपटी तेवढी दारात घासून फाटली. मग अभय पाच वर्षांनी पहिल्यांदा शेजारच्या दारात उभा राहिला.

राहीबाईंनी फ्रीज रिकामा केला होता. कणकेची परात, मिरच्या, दह्याचं भांडं, कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं फरशीवर मांडलेलं. त्या ओल्या फडक्याने कप्पे पुसत होत्या. घरात नळ नव्हता. त्यांना त्याच्याकडेच बघावं लागलं.

"ने," त्या म्हणाल्या. "सायबाला सांगितलंय तुजा हाय. परत बघाया आला तर?"

"नाही येणार, मावशी."

"मंग तिकडं ने. नव्या घराला लागंल. ती चार पोरं बोलाव उचलाया."

अभय उकिडवा बसला. परात उचलून त्याने मधल्या कप्प्यात सरकवली.

राहीबाई फडकं धरून बघत राहिल्या.

"तिथं नाय," शेवटी त्या म्हणाल्या. "खाली ठेव. वर कनीक वातड हुते."

त्याने परात खाली ठेवली. खिशात मोबाईल वाजायला लागला.

"बग की. बँकेचा आसंल."

"असेल," अभय म्हणाला, आणि मिरच्यांसाठी हात पुढे केला.