पहाटेचा डबा

लग्नाला पाच महिने होत आले होते आणि तेवढ्या काळात तिची झोप एकदाही पुरी झाली नव्हती. नव्या नवरीच्या जांभया बघून लोक एकमेकांना कोपरखळ्या मारतात. मारू देत बापडे. खरं कारण इतकं रटाळ होतं की सांगायचीही तिला लाज वाटे. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. त्याची गाडी उजाडायच्या आत डेपोतून सुटायची, म्हणून तो त्याआधी घरातून निघायचा, आणि त्याहीआधी उठून ती त्याचा डबा करायची.

डबा करायला तिला सांगितलं कुणी, असं विचाराल तर कुणीच नाही. सासूबाई दूर राहणाऱ्या, आणि त्यांनी लग्नाच्या गर्दीतच तिला बाजूला घेऊन सांगून टाकलं होतं, "हा बाहेर काय खातो, खातो की नाही, ते मी कधी विचारलं नाही. तूही त्या भानगडीत पडू नकोस." पण पहिल्याच आठवड्यात तिनं हौसेनं डबा दिला आणि तो रिकामा, वर घासूनपुसून परत आला. ज्या माणसाला स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवायची सवय नाही, त्यानं डबा घासून आणावा? तिला अगदी भरून आलं. त्या एका घासलेल्या डब्यापायी ती अडकली ती अडकलीच.

त्यांचं स्वयंपाकघर एवढंसं होतं. गॅससमोर एक माणूस उभा राहिला की दुसऱ्यानं खुर्चीवर पाय वर घेऊन बसावं, एवढंच. तो तसा बसून चहा पीत असे. तिसरी बाईसाहेब. बाईसाहेब म्हणजे तिची मांजर, माहेरून बरोबर आणलेली. त्या फ्रिजवर बसून उकडलेल्या अंड्याची वाट बघत आणि नवऱ्याकडे भाडेकरूकडे बघावं तसं बघत. तो नसला की त्याच्या उशीवर झोपत. तो आला की उशी सोडत, पण उपकार केल्यासारख्या.

"कशाला उठलीस? झोपायचं होतंस," तो दर खेपेला म्हणायचा.

"असू दे," ती दर खेपेला म्हणायची. मग तो तसाच बसून राहायचा, कप रिकामा झाला तरी. ती बटाटे परतायची, भाताचं झाकण उचलायची, मीठ घातलं की नाही ते विसरायची आणि पुन्हा घालायची. दुसऱ्या दिवशी तो परत यायचा तेव्हा ती कधीच आडवी झालेली असायची. तो नसे त्या पहाटेही सवयीनं तिची झोप मोडायचीच. सुटी दोघांना मिळायची, पण त्याची एका वारी आणि तिची भलत्याच वारी. आठवड्याच्या धुण्याचा ढीग मात्र दोघांचा मिळून एकच होता आणि तो कधी कमी व्हायचा नाही.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवून कवळी उभी करायची, हे तिचं काम. नजरेचं आणि जिकिरीचं काम. एके दिवशी तिच्या हातून असं काही झालं, की लॅबवाल्या काकांनी ती कवळी उलटसुलट करून पाहिली आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"डाव्या बाजूच्या दाढा उजवीकडे बसवल्यास," ते म्हणाले. "हे आजोबा आता जेवायचे कसे? आरशात बघून?"

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिला रडूच फुटलं. काका घाबरले. दोन दिवस घरी बस, तोंड दाखवू नकोस, असं त्यांनी तिला दरडावून सांगितलं. त्यांची माया अशीच, दरडावून यायची.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मग चल की माझ्याच गाडीतून. लग्न झाल्यापासून आपण कुठं गेलोय? तिकडे तळं आहे. रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत."

खरं तर तिला त्या दोन दिवसांत फक्त झोपायचं होतं. तळं, डोंगर, समुद्र, कशाकशाची तिला हौस उरली नव्हती. पण त्याचा चेहरा इतका फुलला होता की ती हो म्हणाली. सगळी भानगड असल्या होमुळेच होते. आणि हो म्हटल्यावर डबा नेहमीचा कसा चालेल? दोघं पहिल्यांदा एकत्र डबा खाणार, म्हणून ती आणखी लवकर उठली. भात, बटाटे, अंडी, वाटाण्याची उसळ आणि दुधात शिजवलेली गोड खीर. बाईसाहेबांना सांभाळायला कुणी मिळालं नाही, तेव्हा त्याही झाकणाच्या टोपलीत बसून निघाल्या.

डेपोत कंडक्टर वाट बघत होता. गोल माणूस, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "या वहिनी, या! ड्रायव्हरच्या मागची सीट तुमचीच. आणि टोपलीतल्या बाईंचं तिकीट फाडू का अर्धं?" टोपलीतून जे उत्तर आलं ते ऐकून पुढच्या चार रांगा खिदळल्या.

तिच्यासमोर नवऱ्याची मान होती आणि वरच्या लांबट आरशात त्याचे डोळे. तिनं त्याला कधी काम करताना पाहिलंच नव्हतं. घरात कपाट उघडताना दोनदा धडकणारा हा माणूस एवढं मोठं धूड अरुंद वळणावरून असं नेत होता, की तिच्या मांडीवरची टोपली हललीसुद्धा नाही. तिला त्याचा अभिमान वाटला. मग तिचा डोळा लागला.

जाग आली ती गाडी जेवणासाठी थांबली तेव्हा. रस्त्याकडेला खाणावळ, पलीकडे धूळभरली झाडं. गाडीचं दार उघडायच्या आत झाडाखालून एक भुरकट कुत्री धावत आली आणि थेट ड्रायव्हरच्या दाराशी शेपूट हलवत बसली. अंगानं चांगली गुटगुटीत.

"ओळखीची दिसते," ती म्हणाली.

"भुरी? ओळखीची म्हणजे काय वहिनी, ही तर आमच्या उस्तादांची..." कंडक्टरनं सुरुवात केली. नवऱ्याला मोठा खोकला आला. कंडक्टर गप्प बसला, आणि तो गप्प बसला हीच खरं तर तिला शंका यायची जागा होती. पण ती डबा उघडण्यात गुंग होती.

"तू जेव," नवरा म्हणाला. "मी चहा घेतो नुसता. माझं नंतर खाईन."

"नंतर कधी? गाडी चालवताना?"

"रोज... असंच करतो."

"आज मी आहे ना बरोबर! मी एकटी जेवू?"

त्यानं भुरीकडे पाहिलं, कंडक्टरकडे पाहिलं, शेवटी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ती इतक्या आनंदानं बघत होती, की नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. तो बाकावर बसला आणि जेवायला लागला. तिनं वाढलं, तो खात गेला. बटाटे संपले, अंडी संपली. आपल्या वाटची खीरही तिनं त्याच्यापुढे सरकवली. आपला डबा तो खाताना तिला पहिल्यांदाच दिसत होता. लग्न केलं ते यासाठीच, असंसुद्धा तिला क्षणभर वाटून गेलं. भुरी समोर बसून प्रत्येक घास नजरेनं त्याच्या तोंडापर्यंत पोचवत होती.

"उस्ताद, बेतानं," कंडक्टर हळूच म्हणाला.

"गप रे," नवरा म्हणाला.

गाडी पुन्हा सुटली. रस्ता आता सरळसोट होता, ऊन काचेतून थेट आत, आणि इंजिनाची एकसुरी घरघर. मागं दोन प्रवाशांत सीटवरून जुंपली, म्हणून कंडक्टर तिकडे सोडवायला गेला. बाईसाहेब टोपलीत मुटकुळं करून पडल्या होत्या. तिनं सहज आरशात पाहिलं. नवऱ्याच्या पापण्या खाली येत होत्या. आल्या, वर गेल्या, पुन्हा आल्या, आणि या खेपेला वर जायला त्यांनी फार वेळ घेतला.

ही झापड तिला ओळखू येणार नाही तर कुणाला येणार? गेले पाच महिने तीच झापड ती डोळ्यांवर घेऊन वावरत होती. पण ती डुलली तर फार तर एखाद्या आजोबांच्या दाढा चुकत. गाडीची डावी चाकं रस्ता सोडून खडीवर गेली, खालून करकर आवाज आला, आणि समोरून कडेचा दगडी कठडा येत होता.

"अरे!" ती ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती आयुष्यात ओरडली नव्हती. तिनं मागून त्याचा खांदा गच्च धरला. तो दचकला, हातातलं चाक फिरलं, गाडी हेलकावली आणि रस्त्यावर आली. मागं सामान पडलं, कुणाचं तरी पोर किंचाळलं. पुढं जागा मिळताच त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"टायरला काहीतरी लागलं, बघून घेतो," असं सांगून कंडक्टरनं लोकांना आत धरून ठेवलं. नवरा खाली उतरून डोक्यावर पाण्याची बाटली ओतत होता. ती त्याच्यामागं उतरली.

"मी गाडीवर असताना जेवत नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पोट भरलं की मला झोप येते. पूर्वी एकदा असाच डोळा लागला होता, तेव्हापासून मुक्कामाला पोचेपर्यंत चहावरच काढतो."

"आणि डबा?"

"भुरीला घालतो."

"रोज?"

"रोज. मग खाणावळीच्या नळावर धुतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते बटाटे, तो भात, ते पहाटे डोळे मिटून सोललेले कांदे! एका कुत्रीसाठी ती पाच महिने मर मर मरत होती, आणि आता त्या डब्यापायी अख्खी गाडी कठड्यावर जात होती.

"सांगायचं नाहीस का?" तिचा आवाज फाटला. "एका शब्दानं सांगायचं होतंस! मी झोपले असते रे. मी नुसती झोपले असते."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"म्हणजे?"

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "मी येतो तेव्हा तू झोपलेली असतेस. डबा नसता तर मी जातानाही झोपलेलीच असतीस. मग मला तू दिसणार कधी? तेवढा पहाटेचा वेळच तू मला जागी मिळतेस."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. तीही थोडी विरघळली, नाही असं नाही. पण दमलेलं माणूस खरं बोलून जातं.

"जागी?" ती म्हणाली. "मी तेव्हा जागी असते असं वाटतं तुला? मी उभ्यानं झोपलेली असते. तू काय बोलतोस त्यातलं एक अक्षर मला नंतर आठवत नाही. तू पाच महिने कुणाला बघत बसला होतास?"

त्याचा चेहरा एकदम पडला. कठड्यानं गेला नव्हता एवढा त्याचा रंग या वाक्यानं गेला. ती बोलल्याचं तिला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावेत एवढं त्राण तिच्यात नव्हतं. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "निघायचं का उस्ताद?" तो निघाला. उरलेला सगळा रस्ता ती त्याच्या सीटच्या मागं उभी राहून काही ना काही बोलत राहिली. लॅबमधल्या कवळ्यांबद्दल, काकांच्या दरडावण्याबद्दल, काहीही, तो जागा राहावा म्हणून.

तळं त्यांनी पाहिलंच नाही. मुक्कामाच्या खोलीत पोचल्यावर दोघं बूट काढून आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं दार बडवेपर्यंत. बाईसाहेबांनी रात्रभर पडदे ओरबाडले, ते कुणाला ऐकूही आलं नाही. लग्नानंतरचा त्यांचा एकमेव प्रवास असा झोपेत पार पडला, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला काही कमी वाटलं नाही.

त्याच्या पुढच्या पाळीच्या पहाटे गजर वाजला तेव्हा त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "झोप तू." ती झोपली, म्हणजे डोळे मिटून पडली. स्वयंपाकघरात त्यानं एकट्यानं चहा केला. भांडं आपटलं, हळू आवाजात स्वतःलाच शिवी घातली. मांजरीला काहीतरी समजावून सांगितलं. मग दार लागलं आणि जिन्यावर त्याची पावलं खाली खाली जात राहिली.

ती पडून होती. झोप काही येईना. कूस बदलली, पांघरूण डोक्यावरून घेतलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला झोप येतच नाहीये. डोळे स्वच्छ होते, डोकं हलकं होतं. या वेळी ती कधी अशी नव्हती. आणि ज्याला एवढे दिवस ती अशी जागी हवी होती तो आत्ताच जिना उतरून गेला होता.

ती उठली, खिडकीशी धावली आणि गल्लीच्या टोकाला पोचलेल्या त्याला तिनं हाक मारली. शेजारच्या घरात दिवा लागला. तो थबकला, वळला आणि धापा टाकत सगळे मजले चढून वर आला.

"काय झालं? काय राहिलं माझं?"

"काही नाही राहिलं," ती दारात उभी होती. केस विस्कटलेले, अंगात त्याचाच जुना शर्ट. "आत्ता जागी आहे. खरंच. बघून घे."

गाडीला उशीर होत होता. कंडक्टर तिकडे शिव्या देत असणार हे दोघांनाही ठाऊक होतं. तो उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला, आणि तीही त्याच्याकडे.