खुर्चीच्या हाताखाली

ताईला फर्निचरचं वेड लागलं तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. वेड तरी कशाचं? साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, ना नक्षी ना कलाकुसर, अशा सरळसोट खुर्च्यांचं आणि दिव्यांचं. बंद पडलेल्या कचेऱ्या, मोडीत निघालेली वाचनालयं, जुने दवाखाने, जिथून मिळेल तिथून ती सामान उचलून आणायची. वडील म्हणायचे, आपल्याच घरात शिरलं की नंबर लावून बसावंसं वाटतं. मी तिचा धाकटा भाऊ, वायरमन. दिव्यांच्या कुजलेल्या वायरी बदलायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं आणि चाळीस वर्षं गळ्यातच राहिलं. तक्रार नाही. दुधी काचेचा गोळा पुन्हा पेटला की ती टाळ्या वाजवायची, तेवढ्यासाठी मी आणखी दहा दिवे उघडले असते.

खुर्ची अस्सल की नक्कल हे ओळखायची तिची एकच रीत होती. डोळे मिटायचे आणि खुर्चीच्या हाताखालून अंगठा फिरवायचा. वरून कुणीही घासूनपुसून फसवू शकतो, म्हणायची. पण खाली, जिथे बसणाऱ्यांची बोटं वर्षानुवर्षं वळतात, तिथलं लाकूड कुठे मऊ होतं, कुठे खडबडीत राहतं, त्याची नक्कल कुणाच्या बापाला जमायची नाही. भलेभले दुकानदार तिला टरकून असायचे.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी चाव्या, मग माणसं. गॅस दोनदा उघडा राहिला तेव्हा मी तिला वृद्धाश्रमात ठेवलं. ठेवलं, हाच शब्द खरा. गोड बोलण्यात अर्थ नाही. तिथे ती बसेचना. प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे बघून तोंड फिरवायची. दिवसभर खिडकीशी उभी, जेवणसुद्धा उभ्यानं. पाय सुजून खांबासारखे झाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर तिला खाटेला बांधून झोपवावं लागेल.

तिची स्वतःची खुर्ची दिली तर बसेल, असं मला वाटलं. एका वाचनालयातून आणलेली, सागवानी, रोज सकाळी तिच्यावरच बसून ताईचा चहा व्हायचा. मी ती उचलून आश्रमात नेली. तिथल्या कचेरीतच व्यवस्थापिकाबाईंनी खुर्चीचा हात धरला आणि त्यांच्या बोटात कुसळ गेलं. त्यांनी खुर्ची परत पाठवली. म्हाताऱ्या माणसांची कातडी फाटायला वेळ लागत नाही, असं त्या म्हणाल्या. गादीही धुता येईल अशी हवी होती. मला राग आला, पण बाईंचं चुकत नव्हतं.

आठ दिवस खपलो. डुगडुगणारा पाय सरस लावून पक्का केला. गादीला त्याच मातकट हिरव्या रंगाचं कापड शोधून काढलं. मग काचपेपर घेतला. जिथे कुसळ होतं तेवढंच घासायचं, इतकं साधं काम. पण शेजारी खरखर लागली म्हणून तिथेही घासलं, मग त्याच्या शेजारी. हातात काचपेपर आला की मला थांबता येत नाही. खुर्चीचे दोन्ही हात खालून गुळगुळीत केले, जवसाचं तेल चोळलं आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. चाळीस वर्षं तिच्या शेजारी उभा राहून तो अंगठा पाहिला होता. त्या आठ दिवसांत तो एकदाही आठवला नाही.

खुर्ची दारात दिसताच ताई खिडकीपासून जवळजवळ धावत आली. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा उजळलेला बघितला. तिनं डोळे मिटले. अंगठा हाताखालून पुढे गेला, मागे आला, थांबला. तिनं दुसराही हात तपासला आणि डोळे उघडले.

"नक्कल आहे," ती म्हणाली. "पण काम सुंदर झालंय. तुम्हीच केलंत?"

साठ वर्षांत तिनं मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी म्हटलं, ताई, तुझीच आहे गं, मी फक्त जरा घासली. ती हसली. हट्टाला पेटलेल्या दुकानदारांकडे बघून ती असंच हसायची.

"वाईट वाटून घेऊ नका. अस्सल माझ्या घरी आहे. माझा भाऊ सांभाळतो. तो तिला कुणाला हात लावू देणार नाही."

शेवटी मीही तिला अहोजाहो करत म्हटलं.

"तोवर हिच्यावर बसून घ्या ना. पाय दुखत असतील तुमचे."

"दुखतात हो," ती म्हणाली. "पण तो घेऊन येईल."

आणि ती परत खिडकीशी जाऊन फाटकाकडे बघत उभी राहिली.