डोरीनला हात करायचा नाही

आमच्या मार्लस्टेथमध्ये दर नोव्हेंबरात, शेवटच्या रविवारी दुपारी दोनला, गावच्या हॉलमध्ये तोच सिनेमा लागतो. त्रेचाळीस साली, ऐन लढाईत, तो आमच्याच किनाऱ्यावर काढला. गोष्ट अशी, की सुरुंग काढणारी एक बोट बुडते आणि मेलेल्या खलाशांना एका ओहोटीपुरती घरी जायची परवानगी मिळते. वाळूवरून चालत यायचं, राहिलेली कामं उरकायची आणि भरतीच्या आत परत. घरच्यांना ते दिसत नाहीत. एकजण दाराची करकरणारी बिजागरी नीट करतो. एकजण नुसताच बायकोसमोर बसून राहतो. आचारी पलंगाखाली लपतो, तर समुद्र त्याला न्यायला थेट स्वयंपाकघरात येतो.

लंडनहून बस करून लोक येतात. पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली तरी रडतात. एका वर्षी एक जपानी जोडपं आलं होतं, ते हॉलच्या पायरीपुढे वाकलं. आम्ही गावकरी मात्र सिनेमा बघतच नाही, नातेवाईक बघतो. तिसऱ्या खलाशाची पाठ माझ्या आजोबांची. मेल्यावरही त्यांच्या मनगटावर घड्याळ आहे, आणि तेसुद्धा दिग्दर्शकाचं. शूटिंग संपल्यावर ते परत द्यायचं राहून गेलं, असं आमच्या घरात सांगतात.

पण खरी नटी डोरीन. शेवटी खलाशी परत पाण्याकडे निघतात, गावातल्या कुणाला पत्ता नाही, आणि बंधाऱ्यावर उभी असलेली पाच वर्षांची पोरगी सरळ कॅमेऱ्यात बघते आणि हात हलवते. चार सेकंद. चूकच ती. पण लढाईत फिल्म मोजून मिळायची, दुसऱ्यांदा काढायला तुकडा शिल्लक नव्हता, म्हणून तसंच ठेवलं. त्यावर पुढे मोठमोठ्या लोकांनी लेख लिहिले. ती निष्पाप आहे म्हणून तिला मेलेले दिसतात, आणि ती आपल्याकडे बघते कारण आपणच ते मेलेले, वगैरे. डोरीनला विचारलं की म्हणायची, "कॅमेरावाल्यानं टॉफी दिली होती. मला वाटलं अजून एक देईल."

तर रिवाज असा, की पडद्यावरच्या पोरीनं हात केला की अख्ख्या हॉलनं तिला हात करायचा. म्हातारी झालेली डोरीन तिसऱ्या रांगेत लाजून लाल व्हायची आणि नवऱ्याचा हात मांडीवर दाबून धरायची. "तू नाही हं. तू माझ्याबरोबर घरी यायचंयस." विल्फनं चोपन्न वर्षांत एकदाही हात केला नाही. आमच्यातला तेवढा एकच.

डोरीन फेब्रुवारीत गेली. त्या दिवशी विल्फ दवाखान्याच्या आवारात गाडी लावायला जागा शोधत फिरत होता. पाच चकरा झाल्या. सहाव्या चकरेला एक बाई निघायला लागली, पण तिनं आधी सीटबेल्ट लावला, मग आरशात बघितलं, मग लिपस्टिक लावली. विल्फ वर पोचला तेव्हा नर्सनं पडदा ओढला होता. हे त्यानं मला हवामान सांगावं तसं सांगितलं.

ऑक्टोबरात आमची कमिटी बसली. सहाजण. अध्यक्ष हिलरी थॅकरे, जिनं आयुष्यात एकही वाक्य 'मला वाटतं आपल्या सगळ्यांनाच वाटत असेल' याशिवाय सुरू केलं नाही. विषय होता, विल्फला सोसेल का. एक म्हणाला तेवढा तुकडा कापू. दुसऱ्यानं सुचवलं, यंदा कुत्र्यांचा सिनेमा लावू. मी म्हटलं, विल्फलाच विचारलं तर? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसा काही मी ढेकर दिला. "अगं अ‍ॅव्हिस, त्याला अवघडल्यासारखं होईल," हिलरी म्हणाली. आमच्याकडे माणसाला काय हवं ते तोंडावर विचारायचा हक्क फक्त डॉक्टरला, आणि तोही खाली कागदाकडे बघत विचारतो. पाऊण तासानं ठरलं: सिनेमा लावायचा, पण डोरीनला कुणी हात करायचा नाही. आदर म्हणून. विल्फ सोडून सगळ्यांना फोन करायचे. ठराव मताला टाकला. मीही हात वर केला.

सिनेमाच्या आदल्या दिवशी विल्फ कुंपणापाशी आला. आम्ही चाळीस वर्षांचे शेजारी. हातात टोपी नुसती फिरवत होता. म्हणाला, "उद्या माझ्या शेजारी बसशील?"

"बसेन की. का रे?"

"यंदा मी हात करणारे. तिला नीट निरोप द्यायचा राहिला." मग जरा हसला. "सगळे करतात त्यात माझा खपून जाईल. एकट्यानं काय जमणार नाही मला."

तेव्हाच सांगायचं. नाही सांगितलं. घरात येऊन हिलरीला फोन लावला, तर सतत बिझी. ती गावाला हात करू नका म्हणून फोन करत होती. सहा वेळा लावला, मग चहा केला, मग वाटलं, जाऊ दे, उद्या कुणीतरी विसरेलच.

कुणी विसरलं नाही. आमचं गाव पाण्याचं बिल विसरतं, लग्नाचे वाढदिवस विसरतं, एकदा अख्खा पाद्री शेजारच्या गावात विसरून आलं होतं. पण त्या दिवशी एकशे दहा माणसं शहाण्यासारखी बसली. हिलरी लंडनच्या बसमध्ये चढूनसुद्धा सांगून आली होती.

खलाशी पाण्याकडे निघाले. बंधाऱ्यावर डोरीन आली, वळली, हात हलवायला लागली. हॉलमध्ये सगळ्यांचे हात मांडीवर. विल्फचा हात खांद्यापर्यंत गेला. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि त्या हातानं डोकं खाजवलं. चार सेकंद संपले. माझा हात कोटाखाली होता. तिथं काय करत होता ते विचारू नका.

चहाला सगळे त्याच्याभोवती. आम्ही मुद्दाम केला नाही हं, तुझ्यासाठी, असं प्रत्येकजण सांगत होता. विल्फ प्रत्येकाला म्हणत होता, फार बरं वाटलं. नवव्या माणसालाही तेच म्हणाला. मला राहवेना. मी मोठ्यानं म्हटलं, त्याला हात करायचा होता, गाढवांनो, आणि मला कालच माहीत होतं. मग सगळे एकदम विल्फची माफी मागायला लागले, आणि तो सगळ्यांची.

सिनेमा दाखवणारा क्लाइव्ह गॅरड म्हणाला, परत लावू की, त्यात काय. क्लाइव्ह जन्मभर पाणीखात्यात होता. त्यानं काहीतरी दाबलं आणि सिनेमा उलटा सुरू झाला. बुडालेले खलाशी पाठमोरे पाण्यातून निघून घरात शिरले, तोंडातून पाव काढून ताटात ठेवायला लागले, समुद्र स्वयंपाकघरातून माफी मागितल्यासारखा बाहेर गेला. लंडनवाले टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं हा खास कार्यक्रम. क्लाइव्हनं परत सुलटा लावला. डोरीन येणार तेवढ्यात कुणीतरी चहाची टाकी परत गरम करायला लावली, आणि फ्यूज उडाला.

फ्यूज बसेपर्यंत पाच वाजले. पाचला हॉल ज्यूदोवाल्यांचा. पांढऱ्या कपड्यांतली वीसेक पोरं गादीसकट आत आली. त्यांच्या मास्तरीणबाईंना हिलरीनं कानात सांगितलं, बाईंनी पोरांना सांगितलं, आणि पोरं भिंतीला लागून ओळीत उभी राहिली.

डोरीन आली. तिनं हात केला, आणि अख्ख्या हॉलनं केला. दोन्ही हातांनी. ज्यूदोची पोरं कुणाला ते माहीत नसताना उड्या मारून करत होती. क्लाइव्हनं या वेळी बरोबर बटण दाबलं आणि चित्र थांबलं. डोरीन, हात वर, समोरचा एक दात पडलेला. तो मला इतक्या वर्षांत कधी दिसला नव्हता.

विल्फचे दोन्ही हात खिशात.

"हलव ना रे," मी म्हटलं.

तो पडद्याकडेच बघत होता. हळू म्हणाला, "मी केला की जाईल ती."

चार सेकंदांऐवजी चार मिनिटं झाली. सगळ्यांचे हात दुखायला लागले, एकेक करून खाली आले. मग मास्तरीणबाईंनी खुणेनं गाद्या टाकायला सांगितल्या आणि पोरं डोरीनच्या पायाशी एकमेकांना आपटायला लागली, आवाज न करता आपटायचा प्रयत्न करत. आम्ही कप विसळले. लंडनची बस गेली. विल्फ तिसऱ्या रांगेत बसूनच होता, टोपी घालून.

सहाला क्लाइव्ह आला, बराच वेळ घसा खाकरत उभा राहिला. "विल्फ, हॉल बंद करायचाय रे."

"हो हो," विल्फ उठला. "तू कर. मी बाहेर थांबतो." मला म्हणाला, "झालं की सांग."

तो गेला. दार लागल्याचा आवाज आला. क्लाइव्ह बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, थांब जरा. मी हात केला. एकटीनं, रिकाम्या हॉलमध्ये, वेड्यासारखा. कुणीतरी करायला हवा होता. मग क्लाइव्हला मान हलवून सांगितलं.

बाहेर विल्फ पायरीवर उभा होता, हॉलकडे पाठ करून.

"झालं?"

"झालं," मी म्हटलं. त्यानं कोटाची बटणं लावली, सगळी, वरच्यापासून खालच्यापर्यंत, आणि आम्ही घरी निघालो.