नववं कलम

मुनाफ मुकादम उंच उडी मारतो, हे त्याला स्वतःलाच वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही गोऱ्यांनी सांगितलं तेव्हा. तोवर तो कतारमधल्या मेसईदच्या एका खत कारखान्यात क्लार्क होता, बस्स. पत्रं टाईप करायची, फायली लावायच्या आणि साहेबाने सही जिथे ठोकायची तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवायची. घर रत्नागिरीकडे. घरी बायको हमिदा आणि पहिलीतली मुलगी अलीजा. चार वर्षांत दोनदा सुट्टी. पहिल्या वर्षी तो विमानतळावर रडला होता. दुसऱ्यांदा निघताना डोळे कोरडेच राहिले, आणि पुढे पुढे तर कशानेच काही वाटेनासं झालं. पगार वाढला तरी नाही, साहेब खेकसला तरी नाही. बूट घालून झोपलेल्या माणसाचा पाय जसा बधिर होतो ना, तसा सगळाच्या सगळा माणूस झाला होता.

शुक्रवारी कॅम्पमागच्या मैदानावर सगळे क्रिकेट खेळायचे. तिथे एकदा मुनाफने सीमारेषेवर उडी मारून दोन माणसांच्या डोक्यावरून चेंडू झेलला. प्लँट मॅनेजर ग्रॅहम तिथून चालला होता. हा पर्थकडचा ऑस्ट्रेलियन, आडवातिडवा गडी. तो थांबला आणि म्हणाला, "हे परत कर." मुनाफने परत केलं. साहेबाने सांगितलं ते करायचं, एवढंच त्याला माहीत. दुसऱ्या आठवड्यापासून तो त्यांच्या फुटबॉल संघात.

आता हा त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे हो. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, मैदान लंबगोल, गोलाला चार खांब, आणि ज्याला जसं जमेल तसं त्याने धक्के मारावेत. पण लांबून लाथेने उडवलेला चेंडू कोणी वरच्या वर धरला की बाकीचे बाजूला होतात, आणि धरणाऱ्याला निवांत लाथ मारायला मिळते. एवढी एकच गोष्ट मुनाफला यायची. पण ती अशी यायची की समोरचे सहा-सहा फुटी गडी नुसते आ वासून बघायचे.

दुखणं वेगळंच होतं. मेसईदचा संघ हा दोह्याच्या मोठ्या क्लबचा दुय्यम संघ. नाव त्यांचं, कपडे त्यांचे, आणि माणसंही त्यांचीच. दर गुरुवारी दुपारी दोह्याहून फॅक्स यायचा, अमुक दोघांना उद्या आमच्याकडे पाठवा. चांगला खेळला की गेलाच समजा! शुक्रवारी मेसईदकडे संघापुरतीही माणसं नसायची, कधी अकरा उरायची, कधी दहा. ग्रॅहम तो फॅक्स चुरगाळून फेकायचा, आणि मुनाफ तो उचलून, सरळ करून फायलीत लावायचा.

दोन हजार चारच्या सुरुवातीला ग्रॅहमने ठरवलं की आता वेगळं व्हायचं. आखातातल्या क्लबांची एक कमिटी होती. ती म्हणाली, सोळा खेळाडूंचे सही केलेले फॉर्म द्या, लिहून काढलेले नियम द्या, आणि व्हा स्वतंत्र. सोळा माणसं गोळा करता करता ग्रॅहमच्या नाकी नऊ आले. अकरा ऑस्ट्रेलियन, दोन आयरिश, एक सुदानी फोरमन, वसईचा लॅबवाला लॉरेन्स, जो पळायचा बरा, आणि सोळावा मुनाफ.

"फॉर्म तू बनव, मेट," ग्रॅहम म्हणाला. "तुला कागदातलं कळतं."

कळतं म्हणजे काय? खेळाडूचा फॉर्म कसा असतो हे मुनाफने जन्मात पाहिलं नव्हतं. माणसाने एखाद्या जागी नाव घालायचं म्हणजे जो कागद लागतो, तसा एकच त्याच्या कॉम्प्युटरवर होता, कंपनीचा नोकरीचा करारनामा. तो त्याने उघडला. 'कंपनी' होतं तिथे 'क्लब' घातलं, 'कामगार' होतं तिथे 'खेळाडू'. पगाराचं कलम काढलं, तिकिटाचं काढलं. नववं कलम ठेवलं. क्लबच्या ना-हरकत पत्राशिवाय खेळाडूला दोन वर्षं दुसऱ्या क्लबकडे जाता येणार नाही. कतारमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हे कलम खटकलंच नसतं. ना-हरकत पत्र नसेल तर माणूस हलत नाही, इथे सूर्यही असाच उगवतो. अर्ध्या तासात फॉर्म तयार. पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या आणि पहिली सही स्वतःच केली.

गोऱ्यांनी मात्र ते कलम वाचलं. वाचलं आणि डोक्यावर घेतलं! "म्हणजे आता दोहावाले कोणाला उचलू शकत नाहीत? मुनाफ, तू जीनियस आहेस!" ग्रॅहमने त्याच्या पाठीत असा रट्टा हाणला की चष्मा नाकावरून खाली आला. त्याला क्लबचा सेक्रेटरीही करून टाकलं. मुनाफ हसला. बरं वाटलं का, असं कोणी विचारलं असतं, तर त्याला सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये स्वतंत्र क्लबचा पहिला सामना झाला, दोह्याच्याच विरुद्ध. मुनाफने सात वेळा चेंडू वरच्या वर धरला. मेसईद जिंकलं. सामना संपल्यावर दोह्याच्या क्लबचा अध्यक्ष ट्रेव्हर त्याला मैदानाच्या कडेला घेऊन गेला. ट्रेव्हरची दोह्यात बांधकामाची कंपनी होती.

"माझ्याकडे ये," तो म्हणाला. "ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलरची जागा देतो. फॅमिली स्टेटस. दोह्यात अबू हमूरला कंपनीच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. सप्टेंबरपासून माझ्या क्लबकडून खेळायचं."

फॅमिली स्टेटस, म्हणजे बायको-मुलांना इथे आणायची परवानगी! हे दोन शब्द ऐकायला मिळावेत म्हणून माणसं इथे दहा-दहा वर्षं थांबतात. मुनाफने ते ऐकले आणि "विचार करून सांगतो" म्हणाला. बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हातातली पाण्याची बाटली पिळून पिळून पार चपटी केली आहे.

त्याने हमिदाला फोन लावला. ती म्हणाली, "खरा सांगताव? अवो, मग अलीजाच्या शाळंचा काय करू? दाखला काढू?"

"थांब जरा. आधी ना-हरकत पत्र मिळू दे."

आणि कोणालाच सांगू नकोस, असंही तो म्हणाला. आमच्या लोकांची ही रीतच आहे. व्हिसाचा शिक्का पडेपर्यंत ओठ शिवायचे, उगाच कोणाची नजर लागायला नको. घरात बहिणीला सांगायचं नाही, कॅम्पात शेजारच्या खाटेवरच्याला सांगायचं नाही. मुनाफने लॉरेन्सलाही सांगितलं नाही. मग साहेबाला कुठून सगळं सांगणार?

त्याने पत्र टाईप केलं. मुनाफ मुकादम याने ट्रेव्हरच्या कंपनीत नोकरी करण्यास आमची हरकत नाही. चार दिवस ते पत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं. पाचव्या दिवशी त्याने ते ग्रॅहमपुढे ठेवलं. आता हाकलून देईल, असं त्याला पक्कं वाटत होतं.

ग्रॅहमने वाचलं. "बायको-मुलीला आणणार? वा! मग तर जायलाच हवं. दोह्यातून शुक्रवारची बस आहेच, मॅचला येत जा." आणि पिवळ्या चिठ्ठीपाशी फर्रकन सही केली. शिक्काही स्वतःच मारला.

एवढं सोपं! ज्या कागदासाठी लोक साहेबांच्या दारात वर्ष-वर्ष झिजतात, तो एका मिनिटात हातात. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं ना, बाबा? साहेब, मला त्यांच्याकडून खेळावंही लागेल, एवढं एक वाक्य. पण मुनाफला वाटलं, अडचण ही होती, आणि ती तर खलास झाली. खेळाचं काय, खेळ तो खेळ. त्याने त्या दिवशी हमिदाला सांगितलं, "काढ दाखला."

दुसऱ्या दिवशी ट्रेव्हरने पत्र पाहिलं आणि मान डोलावली. "छान. आता क्लबचं पत्र?"

"कसलं पत्र?"

"क्लबने सोडल्याचं. तुमच्या फॉर्मात नववं कलम आहे ना. कमिटीकडे प्रत आहे, मी वाचलंय. फारच कडक लिहिलंय कोणीतरी."

तेव्हा कुठे मुनाफच्या डोक्यात उजेड पडला. "मी आणतो," तो म्हणाला.

क्लबची सभा कँटीनमध्ये झाली, दुपारच्या सुट्टीत. पाच जणांची कार्यकारिणी, त्यात ग्रॅहम आणि लॉरेन्सही. मुनाफ सेक्रेटरी, म्हणून तोच इतिवृत्त लिहीत होता. विषय पहिला, श्री. मुनाफ मुकादम यांचा विनंती अर्ज.

ग्रॅहमचा चेहरा उतरला. "म्हणजे ट्रेव्हरला क्लार्क नको होता? त्याला तू हवास?"

"येस सर."

"मला का नाही सांगितलंस?"

मुनाफने तो प्रश्नही इतिवृत्तात लिहून घेतला.

ग्रॅहमने कपाळ चोळलं. "मेट, ऐक. कंपनीतून तू गेलास तर मी आठवड्यात दुसरा क्लार्क आणीन. वाईट वाटून घेऊ नकोस. पण क्लबातून गेलास तर उरले पंधरा. पंधरा म्हणजे आपण परत त्यांचा दुय्यम संघ, परत ते फॅक्स. आणि तुला सोडलं तर उद्या बाकीच्यांना कोणत्या तोंडाने अडवू? ते कलम आहे म्हणून आपण आहोत. तूच तर लिहिलंस."

हात वर करायला सांगितले. सोडू नये म्हणून तीन हात पटकन वर आले. मग ग्रॅहमचा. लॉरेन्स टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत होता. त्याने सगळ्यात शेवटी हात वर केला, तोही कोपरापर्यंतच. मुनाफने मोजून लिहिलं, पाच विरुद्ध शून्य, विनंती नामंजूर.

बाहेर आल्यावर लॉरेन्स त्याच्या मागे पळत आला. "मुनाफ, अरे, ग्रॅहम माझा साहेब आहे रे. माझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये..."

"असू दे रे," मुनाफ म्हणाला. त्याला लॉरेन्सचा राग आला नाही. यायला हवा होता. कुठेतरी आत शोधून पाहिलं, तर तिथे काहीच नव्हतं.

ट्रेव्हरला फोन केला. तो सभ्यपणे बोलला. क्लार्क त्याच्याकडे रांगेने उभे होते. दोन वर्षांनी जमलं तर बघू, म्हणाला. पण दोन वर्षांनी मुनाफ छत्तीसचा होणार, आणि छत्तिसाव्या वर्षी कोण किती उंच उडतो?

मग राहिलं नकाराचं पत्र. अर्ज आला की लेखी उत्तर द्यायचं, हा त्याचाच नियम. प्रिय श्री. मुकादम, आपणास कळविण्यास खेद होतो की. खाली ग्रॅहमचं नाव, त्याच्या बाजूला पिवळी चिठ्ठी. ग्रॅहमने सही केली, पण या वेळी वर बघितलं नाही. मुनाफने एक प्रत फायलीत लावली आणि दुसरी पाकिटात घालून स्वतःला दिली.

शुक्रवारी सामना होता. मुनाफ खेळला. पाच वेळा चेंडू धरला, एकदा तर सुदानी फोरमनच्या खांद्यावर गुडघा टेकवून. लोकांनी टाळ्या पिटल्या. खाली आला तेव्हा उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली होती. ती दाबून पाहिली, दुखली नाही.

सामना संपल्यावर तो कॅम्पच्या फाटकापाशी असलेल्या बूथमध्ये गेला. कार्ड घातलं, नंबर फिरवला. हमिदाने पहिल्याच रिंगला उचलला.

"दाखला घेतला," ती म्हणाली. "मृणालिनीबाईंनी सगळ्या वर्गासमोर अलीजाला निरोपाचा पेन दिला. पोर दोन दिवस ता पेन घेऊनच झोपताय. कधी निघायचा आमी?"

"हमिदा, जमत नाय."

तिकडे लांब कोणाच्या तरी कोंबड्या ओरडल्या.

"म्हणजे?"

"शाळेत जा. बाईंना सांग, नाव परत घाला."

"कोणी अडवला? कंपनीने?"

"नाय. कंपनीने सोडला."

"मग कोणी?"

"क्लबचा कागद हाय. त्यात लिहिलाय, दोन वर्षं जाता येत नाय."

हमिदा रडली नाही. ती चिडलीही नाही, आणि तेच मुनाफला सोसवेना. खूप दिवसांनी त्याला काहीतरी वाटलं, आणि ती होती लाज. कानापासून मानेपर्यंत गरम, धगधगती लाज. हमिदा मात्र विचार करत होती. मुलीच्या तापावर औषध शोधते तसा तिने यावरही उपाय शोधला.

"अवो, तो कागद कोणीतरी माणसानंच लिहिला आसंल ना? मग त्यालाच जाऊन भेटा. साहेबाला नको, त्यालाच. त्याला सांगा, माझी एक पोर हाय, पेन घेऊन बसलीय. त्याला पण बायको-पोरं आसतीलच की. नीट सांगितलात तर आयकंल तो."

बूथच्या काचेवर धूळ होती. मुनाफने वाकड्या करंगळीने त्या धुळीत एक रेघ ओढली.

"बरं," तो म्हणाला. "सांगतो त्याला."