फळीखालची तोटी

ही गोष्ट १९६१ च्या थंडीची. चुलेंगो गावातल्या सगळ्यांना त्या वर्षीचा बर्फ आठवतो. मला त्या वर्षीची माणसं आठवतात. मी एक पितळी तोटी आहे, म्हातारी, पोट फुटलेली. माझ्यातून आता पाणी जात नाही. राग मात्र अजून जातो-येतो.

मित्रांनो, तोटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मोरीतली चकचकीत तोटी येईल, जिच्याखाली तुम्ही हातपाय धुता. मी तसली नव्हे. माझा जन्म दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाला, पुंता अरेनास बंदरातल्या एका भट्टीत झाला. सामुद्रधुनीत फुटलेल्या आगबोटीचं पितळ वितळवून मला ओतलं. उबाल्दो मान्सियानं मला घेतलं आणि कोटाच्या खिशात घालून घरी आणलं. स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरात त्यानं मला बसवलं ते स्वयंपाकघराच्या फळ्यांखाली, सगळ्या नळांच्या सर्वांत खालच्या जागी. तिथं उजेड नाही, कौतुक नाही. वर्षभर मी तोंड मिटून असायची. माझं काम वर्षातून एकदाच यायचं, पण त्या कामावर सगळं घर उभं होतं.

आमच्याकडे थंडी जूनमध्ये येते. त्या दिवसांत उबाल्दो आणि त्याची बायको एदुविना दूरच्या कुरणावर मालकाच्या मेंढ्या राखायला जात आणि घर सप्टेंबरपर्यंत बंद असे. बंद घरात चूल नाही, आणि चूल नसली की नळातलं पाणी गोठतं, फुगतं, लोखंड फाडतं. म्हणून निघण्याआधी दोघं घराची तयारी करत. एदुविना खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवायची, नळांना मेंढीची लोकर गुंडाळून वरून गोणपाट शिवायची. उबाल्दो धुरांडं झाडायचा, घराखालच्या उघड्या बाजूंना पत्रे ठोकायचा. सगळ्यात शेवटी तो कुंपणापाशी जाऊन बाहेरचा मोठा कॉक बंद करायचा, फळी उचलायचा आणि माझ्यापाशी यायचा.

माझी मूठ वेगळी होती, काढता-घालता येणारी. ती चुलीवरच्या खिळ्याला टांगलेली असे. उबाल्दो ती मला बसवायचा, बोटाच्या पेरानं माझ्या पोटावर ठकठक करायचा आणि म्हणायचा, “चल म्हातारे, कर मोकळं.” मग मी घरातलं सगळं पाणी थेंब न थेंब जमिनीत सोडून द्यायची. हौदातलं, नळांतलं आणि चुलीच्या पोटात पाणी तापवायला जे तांब्याच्या नळीचं वेटोळं होतं, त्यातलंही. नंतर थंडीभर मला उघडंच ठेवायचं. वरून एदुविना विचारायची, “झालं का हो तुमचं गुलुगुलू?” आणि तो म्हणायचा, “तुझ्यापेक्षा ही बरी, एकदाच बोलते.” वर हसू, खाली हसू. असे माझे चांगले दिवस होते.

साठ सालच्या अखेरीला उबाल्दो गेला. मेंढ्या कातरताना छातीत कळ आली आणि लोकरीच्या ढिगावरच तो आडवा झाला. त्यांना मूल नव्हतं. जमीन अजून त्याच्या वडिलांच्याच नावावर होती. चार महिने व्हायच्या आत त्याचा धाकटा भाऊ बेल्फोर घरावर हक्क सांगायला शहरातून आला. तो मेंढ्या कातरणाऱ्यांची टोळी चालवायचा. आवाज मोठा, हात चलाख, आणि आपल्याला सगळं येतं ही खात्री. सोबत बायको इर्मा. त्यांना घर राहायला नको होतं. सप्टेंबरात, म्हणजे आमच्या वसंतात, रस्त्याचं काम निघणार होतं, तेव्हा ठेकेदाराला ते भाड्यानं द्यायचं होतं. एदुविना गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तिच्या मैत्रिणीकडे, क्लोरिंदाकडे राहायला गेली. जाताना तिनं दोन पातेली, उबाल्दोचा कोट आणि खिळ्यावरची माझी मूठ एवढंच नेलं.

मग मे महिना आला. बेल्फोर गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघरात नवं मेणकापड ठोकत होता. माझ्या फळीवरसुद्धा. प्रत्येक खिळा माझ्या डोक्यावर बसत होता. तेवढ्यात दारात पावलं वाजली. ती मी अंधारातही ओळखली असती.

“भावजी, आत येऊ का?”

“तुमच्याच घरात विचारून येता होय, वहिनी?” बेल्फोर म्हणाला आणि हसला. “होतं म्हणा. तुमचं होतं.”

“बूट बाहेर,” इर्मा म्हणाली. “खाली नवं आहे.”

एदुविना अनवाणी आत आली. तिच्या खिशात माझी मूठ किणकिणली. मित्रांनो, मला केवढं हायसं वाटलं.

“घर बंद करायच्या आधी एक गोष्ट दाखवायची होती,” ती म्हणाली.

“दाखवा की. आधी एक तुंबा घ्या.”

आता हे तुम्हांला सांगायला हवं. आमच्याकडे घरी आलेल्याला येर्बा देतात. भोपळ्याच्या लहानशा तुंब्यात कडू हिरवा पाला, त्यावर गरम पाणी, आणि ओढायला धातूची नळी. एकच तुंबा, भरून भरून हातोहात फिरतो. पुरे झालं की माणूस ‘धन्यवाद’ म्हणतो, त्याआधी नाही. आणि गार पाण्याचा तुंबा हातात आला, तर त्याचा अर्थ असा की तू इथं नको आहेस. हे तोंडानं कोणी बोलत नाही. बोलायची गरजही पडत नाही.

चुलीवर किटली शीळ घालत होती. बेल्फोरनं ती उचलली नाही. त्यानं बादलीत मग बुडवला. गरम पाणी ओततानाचा आवाज वेगळा असतो आणि गार पाण्याचा वेगळा. मी जन्मभर पाण्यात आहे, मला कळतो. इर्मा तोंड दाबून हसली तेही ऐकू आलं.

एदुविनानं पहिला घोट घेतला आणि थांबली. मग तळाशी गुरगुर होईपर्यंत सगळं ओढलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात, नवऱ्यानं ठोकलेल्या फळ्यांवर बसून.

“धन्यवाद,” ती म्हणाली.

“बस? एकच?”

“एकच.”

“आणि काय दाखवायचं होतं म्हणालात?”

“विसरले,” एदुविना म्हणाली. “वय झालं.”

ती उठली, बूट चढवले आणि माझी मूठ खिशात वाजवत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बेल्फोरनं घर बंद केलं. बाहेरचा कॉक पिळला, स्वयंपाकघरातला नळ उघडला, तो खाकरला आणि थांबला. “झालं,” बेल्फोर म्हणाला. “एवढ्यासाठी उबाल्दो अर्धा अर्धा दिवस फळ्यांखाली शिरून बसायचा.”

“बायकोपासून लपत असेल,” इर्मा म्हणाली.

दोघं हसली आणि कुलूप लावून गेली. वरच्या नळाची पातळी जिथं संपते, त्याच्या खालचं सगळं पाणी जागच्या जागी होतं. नळांत, वेटोळ्यात, माझ्या पोटात. मी सगळ्यांच्या खाली बसले होते, तोंड मिटून. मनात म्हटलं, बरं.

जुलैत थंडी फळ्यांखाली आली. त्या वर्षी पत्रेही कोणी ठोकले नव्हते, वारा सरळ आत यायचा. आधी लांबचे नळ गेले. एकेक जण ताणला जायचा, करकरायचा आणि मग काडी मोडल्यासारखा आवाज यायचा. माझी पाळी आली तेव्हा पाणी माझ्या आत दगड झालं आणि पसरू लागलं. मी आगबोटीचं पितळ आहे, मी पुष्कळ धरून ठेवलं असतं. पण कोणासाठी? एका पहाटे माझं पोट उभं चिरलं. दुखलं. आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

पाणी गोठलेलं असेपर्यंत फुटलेला नळ गळत नाही, त्यामुळे वरून काहीच दिसत नव्हतं. ऑगस्टमध्ये बेल्फोर आणि इर्मा घर झाडायला आली, ठेकेदार लवकरच यायचा होता म्हणून. बेल्फोरनं बाहेरचा कॉक पूर्ण उघडला. नळाला थेंब नाही.

“गोठलंय कुठंतरी,” तो म्हणाला. “चूल पेटव. घर तापलं की येईल.”

मित्रांनो, इथं मात्र मी घाबरले. चुलीतलं वेटोळं शाबूत होतं आणि दोन्ही टोकांना बर्फानं बंद होतं. बूच घट्ट मारलेली बाटली विस्तवात ठेवावी तसं. मधलं पाणी उकळलं तर वाफेला जायला जागा नव्हती. जायची ती चूल फोडूनच गेली असती, आणि चुलीपुढे ती दोघं हात शेकत बसली होती. मी काय ओरडणार? माझ्या तोंडात बर्फ होता.

तिकडे काय झालं ते पुढे क्लोरिंदानंच माझ्यादेखत कितीदा सांगितलं. दोघी बटाटे सोलत होत्या. खिडकीतून धुरांड्याचा धूर दिसला. एदुविनाचा हात थांबला.

“बघू नकोस तिकडे,” क्लोरिंदा म्हणाली. “पेटवू दे. त्यानं विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. फिटलं.”

एदुविनानं खाली मान घालून हातातला बटाटा सोलून पुरा केला. साल एकसंध निघाली. मग ती उठली, बादली घेतली आणि वयाला न शोभेल अशी धावत सुटली.

मला दार आपटल्याचा आवाज आला. या वेळी तिनं बूट काढले नाहीत. दारातूनच बर्फानं भरलेली बादली आणून तिनं चुलीच्या तोंडात रिकामी केली. फस्सकन राख घरभर उडाली.

“हिला वेड लागलंय,” इर्मा किंचाळली. “माझा कोट बघा.”

“वहिनी, हे काय चाललंय?”

“चुलीत वेटोळं आहे, त्यात बर्फ आहे,” एदुविना धापा टाकत म्हणाली. “आणखी थोडा वेळ, आणि चूल तुमच्या तोंडावर आली असती.”

फळ्या करकरल्या; बेल्फोर चुलीपासून मागे सरकला.

“हे तुम्हांला ठाऊक होतं,” बेल्फोर हळू म्हणाला. “मग मे महिन्यात का नाही सांगितलंत?”

“तुंबा गार होता.”

एदुविना पुढे म्हणाली, “मला घर हवं आहे, भावजी. तुमचं मढं नको. तुमच्यासाठी पुन्हा वर्षभर सुतकाचं काळं घालावं लागेल. तेवढं कापड माझ्याकडे नाही.”

त्याच संध्याकाळच्या गाडीनं दोघं शहरात परतली. बेल्फोरनं घाईघाईनं कुलूप घातलं. बाहेरचा कॉक तो तसाच उघडा टाकून गेला. एदुविना कुंपणापाशी थांबली. लाल चाक बर्फातून वर आलेलं तिला दिसलं. फिरवायला कितीसा वेळ लागला असता? तिनं हात खिशात घातले, माझी मूठ चाचपली आणि घरी गेली. जीव वाचवणं हे एक, फळ्या वाचवणं हे दुसरं.

सप्टेंबरात वारा फिरला आणि बर्फ वितळला. टेकडीवरचं सगळं पाणी त्या उघड्या कॉकमधून आत आलं आणि जिथं जिथं चीर होती तिथून बाहेर पडलं. माझ्या पोटातूनही. सव्वा वर्षानं मी बोलत होते, आणि थांबवायला कोणी नव्हतं. फळ्या फुगल्या, भिंतींतून पाझर सुटले, ते नवं मेणकापड तव्यावरच्या भाकरीसारखं टरारून वर आलं. ठेकेदार घर बघायला आला, रुबाबात आत पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत बुडाला. त्यानं टोपी नीट केली आणि शेजारच्या गावात घर शोधायला गेला.

आमच्याकडे कोणाचं घर पडलं-झडलं तर सगळी गल्ली हातोडे घेऊन येते आणि घरधनी त्यांना कोकरू भाजून घालतो. बेल्फोरनंही निरोप धाडले, अंगणात कोकरू सळईला लावलं. वास गावभर गेला. आली फक्त कुत्री.

मग तो क्लोरिंदाच्या घरी एदुविनाला भेटायला गेला; हेही मला क्लोरिंदाकडूनच कळलं. किल्ली टेबलावर ठेवली. “घ्या तुमचं घर,” म्हणाला. “जमिनीच्या कागदावर सही करून देतो.”

“बसा, भावजी.”

चुलीवर किटली शीळ घालत होती. एदुविनानं बादलीत मग बुडवला. बेल्फोरनं तुंबा हातात घेतला, एक घोट ओढला आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. तळाशी गुरगुर होईपर्यंत त्याला सगळं ओढावं लागलं.

“धन्यवाद,” तो म्हणाला.

“बस? एकच?”

“एकच, वहिनी.”

पुढच्या रविवारी गल्ली हातोडे घेऊन आली.

बेल्फोरनं टोळी विकली आणि शहरात लोखंडी सामानाचं दुकान टाकलं. तिथं तोटी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो म्हणे विचारायचा, “सगळ्यात खालची कुठं आहे, माहीत आहे ना?” तो म्हातारा होऊन अंथरुणातच गेला. एदुविना त्याच्या मातीला गेली, पण काळं घातलं नाही. इर्मानं चुलेंगोत परत पाऊल ठेवलं नाही, आणि तिची कोणाला आठवण झाल्याचं मी ऐकलं नाही. क्लोरिंदा शेवटपर्यंत म्हणत राहिली की पेटवू द्यायला हवं होतं. एदुविना त्याच घरात नव्वदीपर्यंत जगली. फळीखाली माझ्या जागी तिनं नवी तोटी बसवून घेतली आणि दर मे महिन्यात गुडघे टेकून ती स्वतः उघडायची. मला तिनं चुलीवरच्या खिळ्याला टांगलं, मुठीसकट. येता-जाता बोटाच्या पेरानं ठकठक करायची. एवढं कौतुक मला पुरलं. आता तिची भाची त्या घरात राहते आणि मी अजून खिळ्यावर आहे.

मित्रांनो, थंडी येण्याआधी फटी बुजवा, धुरांडं झाडा, नळांना लोकर गुंडाळा, आणि सगळ्यात खालची तोटी शोधून मोकळी करा. ती कुठं आहे हे बहुधा एखाद्याच माणसाला ठाऊक असतं. ते माणूस तुमच्या दारात आलं, तर पाणी किटलीतलंच ओता.